पाणी उकळतं तेव्हा नेमकं काय तुटतं?

एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. मुलगी दहावीत आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये एक वाक्य आहे : "सहसंयुज बंध कमकुवत असतात, म्हणून सहसंयुज संयुगांचे उत्कलनांक कमी असतात." (उत्कलनांक म्हणजे पदार्थ उकळण्याचं तापमान.) ते वाचून मुलीने तीन गोष्टी विचारल्या. उकळताना पाण्यातले बंध तुटत असतील, तर वाफेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे असतात का? हिऱ्यातही सहसंयुज बंधच आहेत, मग तो का वितळत नाही? आणि मिथेन नि पाणी, दोन्ही सहसंयुज, रेणूचं वजन जवळपास सारखं (१६ आणि १८), तरी मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो आणि पाणी १०० ला, हे कसं? ताईंना उत्तर देता आलं नाही, आणि क्लासमध्ये "परीक्षेला एवढं खोलात लागत नाही" म्हणून विषय संपला.

ताई, मुलीचे तिन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत. चूक नोट्समधल्या वाक्यात आहे, आणि मुलीने ती नेमकी पकडली आहे. तिला हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

मूळ घोटाळा असा आहे की "बंध" या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे रेणूच्या आतली बांधणी, अणूला अणू जोडणारी; सहसंयुज बंध हा तिचाच प्रकार, ज्यात दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. दुसरी म्हणजे एका रेणूने शेजारच्या रेणूला धरून ठेवणं, ज्याला पुस्तकात आंतररेण्वीय बल म्हणतात. पाणी उकळतं तेव्हा ही दुसरी पकड सुटते. पहिली बांधणी जशीच्या तशी राहते. म्हणून कुठल्याही पदार्थाच्या उत्कलनांकाबद्दल बोलण्याआधी एकच विचारायचं : हा पदार्थ उकळताना नेमकं काय सुटतंय?

मी एका साखर कारखान्याच्या आसवनीत (अल्कोहोल बनवण्याच्या विभागात) केमिस्ट म्हणून २६ वर्षं काम करतोय. हा फरक मला पुस्तकापेक्षा आमच्या प्लँटमध्ये जास्त स्वच्छ दिसला, म्हणून तिथूनच सांगतो.

आमच्या आसवनीचे सरळ दोन भाग पडतात. पहिला फर्मेंटरचा. मळी पाण्यात पातळ करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट सुक्रोजचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि मग त्या प्रत्येक रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. इथं रेणूच्या आतले बंध तुटतात, नवे जुळतात. साखर गेली, तिच्या जागी वेगळाच पदार्थ आला. मिश्रण कितीही ढवळलं, गार केलं, तरी त्या अल्कोहोलची साखर परत होणार नाही. दुसरा भाग कॉलमचा. आठ-दहा टक्के अल्कोहोल असलेला वॉश, म्हणजे आंबवलेलं मिश्रण, कॉलमवर जातो, खालून वाफ देतात, अल्कोहोल वर चढत जातं आणि स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं पाणी, खाली उतरतो. या उंचच उंच मनोऱ्यात, एवढी वाफ खर्ची पडत असताना, आपल्या हिशेबाचा एकही सहसंयुज बंध तुटत नाही. फर्मेंटरमधून निघालेला इथेनॉलचा जो रेणू होता, तोच कंडेन्सरमधून खाली पडतो. वर आलेलं अल्कोहोल आणि खालचं पाणी पुन्हा एकत्र ओतलं तर पुन्हा आधीसारखंच मिश्रण.

पहिला भाग म्हणजे बंध. दुसरा भाग म्हणजे आंतररेण्वीय बलं. मुलीला हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणून दिलंत की अर्धं काम झालं.

आता आकडे बघू, कारण "कमकुवत" आणि "बळकट" हे शब्द आकड्यांशिवाय फसवतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन बंध आहेत. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, साधारण चार छोटे चमचे. तेवढ्या पाण्यातले हे सगळे बंध तोडून सुटे अणू करायचे तर सुमारे ९२६ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे एका बंधामागे ४६३. तेच चार चमचे पाणी १०० अंशांवर असताना त्याची वाफ करायला लागतात फक्त ४०.७ किलोज्यूल. बावीस-तेवीस पटींचा फरक आहे. म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात रेणूच्या आतल्या बंधांना धक्काही लागत नाही. २००० अंश सेल्सिअसच्या आसपासही वाफेतले अगदी थोडेच रेणू फुटतात.

कारखान्यातल्या माणसाला याचा आणखी एक पुरावा रोज दिसतो. बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या मोठ्या बॉयलरमध्ये आम्ही ५०० अंशांच्या घरातली वाफ करतो. उकळताना पाण्याचे बंध तुटत असते, तर तो बॉयलर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाने भरला असता, आणि त्याच्या जवळ कोणी उभं राहिलं नसतं. वाफ ही वाफच असते, पाण्याचे अखंड रेणू, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. घरी दाखवायचं तर उकळत्या पातेल्यावर गार झाकण धरा. झाकणाला जे थेंब लागतात ते पाणीच आहे. कुठली रासायनिक क्रिया झाली नाही, रेणू पुन्हा जवळ आले इतकंच.

तेव्हा मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, वाफेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे नसतात.

दुसरा प्रश्न हिऱ्याचा. त्यासाठी मी हिऱ्याआधी आमच्या फर्मेंटरमधून बुडबुड्यांनी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड घेतो. त्यातला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध सुमारे ८०० किलोज्यूलचा, हिऱ्यातल्या कार्बन-कार्बन एकेरी बंधाच्या दुपटीहून जास्त. नोट्समधल्या वाक्याप्रमाणे चाललो तर कार्बन डायऑक्साइड हिऱ्याहून कठीण निघायला हवा. प्रत्यक्षात तो वायू आहे, आणि उणे ७८ अंशांपर्यंत गार केल्यावर त्याचा कोरडा बर्फ होतो. आता त्याच्या शेजारी वाळू ठेवा. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइड. सिलिकॉन आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली, सूत्रही त्याच साच्याचं, बंधही सहसंयुज. पण शुद्ध वाळू वितळायला १७०० अंश लागतात.

फरक रचनेत आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये तीन अणूंचं एक कुटुंब दार लावून बसलंय. आत घट्ट बांधलेलं, शेजाऱ्याशी संबंध जेमतेम. वाळूत असं वेगळं कुटुंब नाहीच. एक सिलिकॉन चार ऑक्सिजनशी, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनशी, आणि हे जाळं कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथं "रेणू सुटा करून बाहेर काढा" म्हणायला सुटा रेणूच नाही. वितळवायचं तर खरे सहसंयुज बंधच मोडावे लागतात. हिऱ्याचं तेच : प्रत्येक कार्बन चार कार्बनशी जखडलेला. साध्या दाबाला तो वितळतसुद्धा नाही. हवा नसताना खूपच तापवला तर त्याचं ग्रॅफाइट होतं. म्हणजे हिरा हा सहसंयुज बंध किती बळकट असतो याचा पुरावा आहे, त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही.

नोट्समधलं वाक्य आता असं दुरुस्त करून घ्या : "सुट्या रेणूंनी बनलेल्या सहसंयुज संयुगांत रेणूंमधलं आकर्षण कमी असतं, म्हणून त्यांचे द्रवणांक आणि उत्कलनांक साधारणपणे कमी असतात." (द्रवणांक म्हणजे वितळण्याचं तापमान.) परीक्षेत हे लिहिलं तर कुठल्याही जाणत्या परीक्षकाला हरकत घेता येणार नाही. मिठासारख्या आयनिक पदार्थाशी तुलना विचारली तर तिथंही हेच वापरा. मिठात सुटे रेणू नसतात, सोडिअम आणि क्लोराइड आयनांची (प्रभार असलेल्या अणूंची) रचलेली रास असते, आणि ते विजातीय प्रभार एकमेकांना सगळ्या बाजूंनी धरून असतात. त्यामुळे मीठ ८०१ अंशांना वितळतं. धातूंबद्दल इथं जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो आमच्या पोटापाण्याचा आहे. सुटे रेणू असलेल्या दोन पदार्थांत रेणूंमधली पकड एवढी वेगळी का असते? मिथेन आणि पाण्यापेक्षा मी दुसरी एक रांग देतो. चार पदार्थ, चौघांचं रेणूवजन ४४ ते ४६ च्या दरम्यान, म्हणजे वजनाची सबब उरतच नाही. प्रोपेन, जो घरच्या गॅस सिलिंडरमध्ये ब्युटेनबरोबर असतो, तो उकळतो उणे ४२ अंशांना. डायमिथिल ईथर उणे २४ ला. अ‍ॅसिटाल्डिहाइड २० ला. आणि इथेनॉल ७८ ला.

प्रोपेनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन दोघांची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद जवळपास सारखी, त्यामुळे रेणूवर कुठेही ठळक धन-ऋण टोक नाही. तरीही प्रोपेन थंड केला की द्रव होतो, म्हणजे काहीतरी आकर्षण आहेच. ते येतं इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणीच्या हालचालीतून. एखाद्या क्षणी रेणूच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन थोडे जास्त जमतात, ती बाजू किंचित ऋण होते, शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉन त्याप्रमाणे सरकतात, आणि दोघे क्षणभर ओढले जातात. फ्रिट्झ लंडनने १९३० च्या सुमारास हे पुंजयामिकीने समजावून दिलं, म्हणून याला लंडन बल म्हणतात. हे प्रत्येक रेणूत असतं, अगदी हेलिअममध्येसुद्धा. डायमिथिल ईथरमध्ये ऑक्सिजन आला, त्याने इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढले, थोडी कायमची ध्रुवीयता (धन-ऋण टोकं) आली. अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आहे, ध्रुवीयता आणखी वाढली. आमच्या कॉलममध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड सगळ्यात आधी, सगळ्यात वरून निघतं.

आणि इथेनॉल? त्याचं आणि डायमिथिल ईथरचं रेणुसूत्र अगदी एकच आहे. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तेवढेच अणू, पण उत्कलनांकात १०० अंशांचा फरक. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे बसलाय. इथेनॉलमध्ये त्याच्या एका हाताला हायड्रोजन आहे. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तोही ऑक्सिजनने ओढून घेतला, त्यामुळे तो जवळजवळ उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनवरच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीला बिलगतो. हाच हायड्रोजन बंध. याच्या नावात "बंध" आहे म्हणून मुलं याला रेणूच्या आतलाच समजतात. तो रेणू-रेणूंमधला आहे. नावाने केलेली ही फसवणूक मुलीला आत्ताच सांगून ठेवा, अकरावीत उपयोगी पडेल.

पाण्याच्या रेणूला असे चार हायड्रोजन बंध करता येतात : दोन आपल्या हायड्रोजनांकडून, दोन आपल्या ऑक्सिजनच्या मोकळ्या जोड्यांकडून. एका हायड्रोजन बंधाची ताकद ढोबळमानाने २० किलोज्यूल धरा. प्रत्येक बंध दोन रेणूंत वाटलेला, म्हणून एका रेणूच्या वाट्याला दोन बंधांचं मोल येतं, म्हणजे सुमारे ४०. वर वाफेसाठी ४०.७ आकडा आला होता, तो आठवतोय? हिशेब ढोबळ आहे, त्यात लंडन बलही मिसळलेलं आहे आणि द्रव पाण्यात चारही हात कायम गुंतलेले नसतात, पण मेळ कसा बसतो ते दिसावं म्हणून दिला. मिथेनकडे यातलं काहीच नाही, फक्त लंडन बल, तेही लहान रेणूचं. त्याची वाफ व्हायला मोलमागे जेमतेम ८ किलोज्यूल पुरतात. म्हणून तो उणे १६१ ला आणि पाणी १०० ला.

इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती नडते. "लंडन बल सगळ्यात कमी, मग ध्रुवीय, मग हायड्रोजन बंध" अशी उतरंड पाठ करून घेतात. सारख्या आकाराच्या रेणूंना ती लागू पडते. आकार वेगळा झाला की कोलमडते. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, कार्बन टेट्राक्लोराइडची ध्रुवीयता चारी बाजूंनी समान ओढ असल्याने शून्य होते. तरी क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि टेट्राक्लोराइड ७७ ला, कारण त्यात इलेक्ट्रॉन जास्त आहेत. आयोडिन पूर्ण अध्रुवीय, तरी खोलीच्या तापमानाला स्थायू. मेणबत्तीचं मेण म्हणजे नुसते कार्बन-हायड्रोजन, तरी घट्ट, कारण लांबच लांब साखळीवर प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी पकड आहे आणि तिची बेरीज मोठी होते. आकाराचंही तसंच : सरळ साखळीचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, आणि तेच अणू गोळा करून चेंडूसारखे रचले की निओपेंटेन साडेनऊलाच उकळतो. चेंडूला चेंडू एका बिंदूतच टेकतो, काठीला काठी लांबभर चिकटते.

हायड्रोजन फ्लोराइडचं उदाहरणही विचार करायला लावणारं आहे. त्यातला एकेक हायड्रोजन बंध पाण्यातल्यापेक्षा बळकट. पण प्रत्येक रेणूकडे हायड्रोजन एकच, म्हणून साखळीच होते, पाण्यासारखं तिन्ही दिशांना जाळं होत नाही. शिवाय त्याच्या वाफेतही रेणू गटागटाने राहतात, म्हणजे उकळताना सगळी पकड सोडवावीच लागत नाही. परिणामी तो १९.५ अंशांनाच उकळतो. एका बंधाची ताकद, असे बंध किती, आणि उकळताना त्यातले किती सुटतात, हे तिन्ही बघावं लागतं.

परिस्थितीवर अवलंबून असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दाब. १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीचा. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, कुकरमध्ये १२० पर्यंत जातं. पकड तीच असते, बाहेरून किती दाबून धरलंय ते बदलतं. त्यामुळे दोन पदार्थांची तुलना करताना दाब सारखाच हवा.

आता माझ्या रोजच्या कामातली गोष्ट सांगतो. दहावीच्या पलीकडची आहे, पण मुलीला झेपेल. अल्कोहोल ७८ ला उकळतं, पाणी १०० ला, म्हणजे कॉलम पुरेसा उंच केला की शंभर टक्के शुद्ध अल्कोहोल मिळायला हवं असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी गाडी अडते. त्या मिश्रणाची वाफ केली तर वाफेतही बरोबर तेच प्रमाण. मग कॉलममधले ट्रे (द्रव आणि वाफ जिथं भेटतात ते मजले) कितीही वाढवा.

कारण पुन्हा पकडीतच आहे. १०० अंश हा आकडा पाणी पाण्याच्या गर्दीत असतानाचा. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पाण्याचा एखादा रेणू असतो, त्याच्या भोवती सगळे इथेनॉलचे. इथेनॉलला एका टोकाला पाण्यासारखा हात आहे, पण दुसरीकडे कार्बन-हायड्रोजनची शेपटी आहे, आणि ती पाण्याशी काही देणंघेणं ठेवत नाही. चारही हात गुंतवून जाळं विणायची पाण्याची सोय तिथं राहत नाही. अशा जागी पाणी निसटायला जास्त तयार असतं, दुपटीहून जास्त. शेवटी एक प्रमाण असं येतं की तिथं पाणी आणि अल्कोहोल सारख्याच सहजतेने निसटतात, आणि मग उकळवून त्यांना वेगळं करता येत नाही. दाब बराच कमी केला तर हा बिंदू सरकतो आणि अगदी कमी दाबाला नाहीसाही होतो, पण मोठ्या प्रमाणावर ते परवडत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला तर पाणी जवळजवळ नको असतं. म्हणून आम्ही ती वाफ मॉलिक्युलर सीव्हच्या मण्यांमधून नेतो. साबुदाण्याएवढे पांढरट मणी, आत झिओलाइट, आणि त्यात सुमारे ३ अँगस्ट्रॉमची छिद्रं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू साधारण २.८ अँगस्ट्रॉम, तो आत शिरतो. इथेनॉलचा ४.४ च्या आसपास, तो बाहेरच राहतो. पण नुसती चाळणी म्हणून हे चाललं नसतं. आत शिरलेलं पाणी लगेच परत आलं असतं. आत पोटॅशिअमचे धन आयन बसलेले असतात, ते पाण्याच्या ऋण टोकाला, म्हणजे ऑक्सिजनला, धरून ठेवतात. आयन आणि ध्रुवीय रेणू यांच्यातली ही पकड साध्या हायड्रोजन बंधाहून जबरदस्त असते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आमच्या वरिष्ठ केमिस्टनी कोरडे मूठभर मणी काचेच्या वाटीत घेऊन त्यावर ड्रॉपरने पाणी सोडलं आणि वाटी माझ्या हातात दिली. वाटी झटक्यात इतकी तापली की खाली ठेवावी लागली. कुठली ज्योत नाही, रासायनिक बंध तुटलेला नाही, नुसतं पाण्याने आयनाला धरलं आणि एवढी उष्णता बाहेर पडली. आंतररेण्वीय बल "क्षीण" असतं असं मी तेव्हापासून सरसकट कधी म्हटलं नाही. (हा प्रयोग मुलांनी हातावर करू नये, भाजतं.)

त्याच सुमारास आणखी एक पाहिलं. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मोजून एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही. ९६-९७ मिलीच्या आसपास भरतं, आणि भांड्याला ऊब येते. वजन मात्र पै-पैचं जमतं. पाण्याचं जाळं बरंच पोकळ असतं, इथेनॉल आणि पाणी एकमेकांच्या जागा भरून घट्ट बसतात. अल्कोहोल पातळ करताना म्हणूनच साधी बेरीज-वजाबाकी चालत नाही, तक्ते वापरावे लागतात.

आणि फ्यूजेल ऑइल. यीस्ट इथेनॉलबरोबर थोडं अमाइल अल्कोहोलही करतं. उत्कलनांक १३० च्या घरातला, तर ते तळाशी राहावं. तसं न होता ते कॉलमच्या मधल्या ट्रेंवर साठतं. खाली पाण्याच्या गर्दीत त्याची पाच कार्बनांची शेपटी कोणालाच नको असते, म्हणून ते वर ढकललं जातं. वर अल्कोहोलच्या गर्दीत ते खुशाल रमतं, तिथून उडत नाही, म्हणून खाली उतरतं. मधेच अडकतं. तिथून काढून पाण्याने धुतलं की तेलासारखा थर वर तरंगतो. एकाच रेणूचं वागणं शेजारी बदलले की बदलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

राहिली साखर. ती मुद्दाम शेवटी ठेवली, कारण मी वर जे सांगितलं त्याला ती वेगळं वळण देते. साखरही सहसंयुज, सुटे रेणू असलेली. मग ती तापवून उकळता येईल का? नाही. कढईत साखर घातली की १८० अंशांच्या पुढे ती वितळता वितळताच तांबूस होते, कॅरॅमलचा वास येतो, आणखी तापवली तर काळा कोळसा उरतो. सुक्रोजचा रेणू मोठा, वजन ३४२, आणि त्यावर हायड्रोजन बंध करणारे आठ हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचे) गट. शेजाऱ्यांना धरणारे एवढे हात की ते सगळे एकदम सुटण्याआधी रेणूच आतून मोडायला लागतो. एकेक पकड लहान, पण बेरीज आतल्या बंधाला भारी पडते. म्हणून साखर कारखान्यात रस उघड्यावर दाणा धरेपर्यंत आटवत नाहीत. पॅनमधली (रस आटवायच्या बंद भांड्यातली) हवा काढून घेतात, दाब कमी होतो, आणि ६०-७० अंशांच्या आसपासच पाणी निघून जातं. पाण्याची पकड सोडवायची आहे, साखरेच्या रेणूला हात लावायचा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

परीक्षेपुरतं म्हणाल तर बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत वर दुरुस्त करून दिलेलं वाक्य, एक उदाहरण आणि "रेणूंमधलं आकर्षण" हे शब्द पुरेत. आकडे लिहायची गरज नाही. अकरावीला रसायनशास्त्र घेणार असेल तर मात्र चार पदार्थांची ती रांग तिला वहीत उतरवून घ्यायला सांगा.

आणि तिच्यासाठी एक प्रश्न देतो, घरातलाच. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, २४ अंशांच्या खाली गेलं की. शेंगदाण्याचं तेल शेजारीच असतं, ते वाहतं राहतं. दोन्हींच्या रेणूंत हायड्रोजन बंध करणारा गट नाही, दोन्हीकडे मुख्यतः लंडन बलच. शिवाय खोबरेलात सगळ्यात जास्त साखळ्या १२ कार्बनांच्या, शेंगदाण्याच्या तेलात १८ च्या. लांबीवरून बघितलं तर शेंगदाण्याचं तेल आधी थिजायला हवं. एवढंच सांगा की त्याच्या साखळीत मधे एखादा-दुसरा दुहेरी बंध असतो आणि तिथं साखळी वाकते. पुढचं तिचं तिला काढू द्या, सरळ आणि गोळा झालेल्या पेंटेनचं उदाहरण वर दिलंच आहे. तिला जे सुचेल ते बरोबर-चूक न बघता इथं लिहा, मी नक्की वाचेन.